रोग रेड्याला, पखाल कांदिवलीची

मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पोटावर व्याख्यान झालं. व्याख्याते कोण, कुठल्या संस्थेचे, हे सांगण्यात हशील नाही. असे व्याख्याते हल्ली कांदिवलीत ठाकूर व्हिलेजपासून महावीर नगरपर्यंत कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये दर रविवारी भेटतात. यांनी पडद्यावर एक मेंदू दाखवला आणि त्यातून निघालेला लाल बाण एका गरगरीत ढेरीवर आणून टेकवला. बाणावर लिहिलं होतं, कोर्टिसॉल. मग म्हणाले, "तुमचं पोट जेवणाने सुटलेलं नाही, टेन्शनने सुटलंय. टेन्शन सोडा, पोट आपोआप उतरेल." टाळ्या पडल्या. शेवटी २१ दिवसांच्या वर्गाची नावनोंदणी. वर्ग ऑनलाइन, रोज पहाटे पाच वाजता.

पहाटे पाच! आमच्या चारकोपात ज्या बाईची पाठ रात्री बारापर्यंत अंथरुणाला लागत नाही, तिने मनःशांतीसाठी पावणेपाचला उठायचं, चटई अंथरायची, मोबाइल भिंतीला टेकवून उभा करायचा आणि ताण सोडायचा. सोडलेला ताण पुन्हा उचलून सव्वाआठच्या सुमाराची चर्चगेट पकडायची. मी तीस वर्षं ही गाडी पकडली आहे, म्हणून माझ्या बोलण्यात थोडा कडवटपणा आला तर तो गाडीचा समजावा.

व्याख्यात्यांचा दावा हवेतून आलेला नाही, हे आधी कबूल करते. प्रतिपक्षाची बाजू त्याने मांडली त्याहून नीट मांडावी आणि मग खोडावी, हा वादाचा जुना शिरस्ता आहे. हार्वे कुशिंग नावाच्या अमेरिकी मेंदूशल्यविशारदाने १९१२ मध्ये एका तरुण रुग्ण स्त्रीचं वर्णन लिहिलं आणि १९३२ मध्ये तशा अनेक रुग्णांची कहाणी एकत्र मांडली. चेहरा चंद्रासारखा गोल, मानेमागे चरबीचा उंचवटा, पोट पुढे आलेलं, हातपाय मात्र काटकुळे, पोटाच्या कातडीवर जांभळट चट्टे. कारण पुढे कळलं : शरीरात कोर्टिसॉल बेसुमार. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही असंच होतं. पोटातल्या खोल चरबीत, म्हणजे आतड्यांभोवतीच्या चरबीत, कोर्टिसॉल ओळखणारे ग्राही (रिसेप्टर) कातडीखालच्या चरबीपेक्षा जास्त असतात, हेही खरं. स्वीडनमधल्या गोटेबर्गचे पेर ब्योर्नटॉर्प यांनी ताण, कोर्टिसॉल आणि पोट हे त्रिकूट जोडण्यात उभी हयात घालवली. २००० साली एलिसा एपेल यांनी काही स्त्रियांना प्रयोगशाळेत लागोपाठच्या दिवशी मुद्दाम अवघड कामांना जुंपलं. अंगाने सडपातळ पण पोटावर चरबी असलेल्या स्त्रियांच्या कोर्टिसॉलला त्या कामांची सवय होईना, ते दर दिवशी तेवढंच उसळत राहिलं. इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या अडीच हजारांवर लोकांच्या केसांतलं कोर्टिसॉल मोजलं गेलं, तो अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. ज्यांच्या केसांत ते जास्त, त्यांचा कंबरेचा घेरही जास्त.

इतकी भक्कम बाजू असताना मी वाद का घालते आहे? कारण लाल बाण किती जाड आहे हे व्याख्यात्यांनी सांगितलंच नाही.

कुशिंगचा आजार दुर्मिळ आहे. त्यात पोट ज्या कोर्टिसॉलने सुटतं, ते साहेबाने झापल्यावर वाढणाऱ्या कोर्टिसॉलच्या तुलनेत पूर आणि नळाची धार इतकं वेगळं आहे. साध्या लठ्ठपणात रक्तातलं कोर्टिसॉल बहुधा नेहमीच्या मर्यादेतच सापडतं. केसांचा अभ्यासही एका क्षणाचा फोटो आहे, त्यावरून आधी कोर्टिसॉल की आधी पोट, हे कळत नाही. चरबी स्वतःच्या पेशींतही कोर्टिसॉल तयार करून घेते. २००१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी उंदरांच्या फक्त चरबीत ते काम करणारं विकर वाढवलं, तर रक्तातलं कोर्टिसॉल फारसं न हलताही उंदरांची पोटं सुटली. त्या उंदरांना ना कर्जाचा हप्ता होता, ना सासू.

मग माणसांचं वर्षानुवर्षांचं गणित काय सांगतं? २०११ मध्ये लंडनच्या जेन वॉर्डल आणि सहकाऱ्यांनी लोकांचा ताण आधी मोजून नंतर वजनाचं काय झालं ते पाहणारे अभ्यास एकत्र केले. संबंध निघाला, पण किती? सहसंबंधाचा आकडा ०.०१४. आकडेशास्त्राची सवय नसलेल्यांसाठी : माणसामाणसांतल्या फरकाचे दहा हजार भाग केले, तर त्यातले ढोबळमानाने दोन भाग ताणाच्या खात्यावर जातात. तपासलेल्या विश्लेषणांपैकी ६९ टक्क्यांत तर संबंध सापडलाच नाही, आणि काहींत ताणाने लोक वाळले. हे आपण घरीच पाहतो. एकाला परीक्षेच्या काळात घास उतरत नाही, दुसरा फरसाणाचा डबा मांडीवर घेऊन बसतो. तोच ताण, दोन पोटं.

बरं, कारण बारीक असेना, उपाय जालीम असू शकतो. तोही तपासला गेला. कॅलिफोर्नियात जेनिफर डॉबेनमायर यांनी २०११ मध्ये ४७ स्त्रियांवर प्रयोग केला. निम्म्यांना ध्यान, श्वासावर लक्ष आणि भूक ओळखून जेवायचं शिक्षण. ज्या बायका ध्यानात जास्त रमल्या त्यांची पोटं जास्त उतरली, हे वाक्य तुम्हाला वर्गांच्या जाहिरातीत सापडेल. एक गट म्हणून दुसऱ्या गटाशी ताडून पाहिलं, तर पोटाच्या चरबीत फरक पडला नव्हता, हे वाक्य सापडणार नाही. पुढे १९४ माणसांवर मोठा प्रयोग झाला, २०१६ मध्ये छापला गेला. आहार-व्यायाम दोन्ही गटांना सारखाच, एकाला वर ध्यानाची जोड. दीड वर्षाने ध्यानाच्या गटाचं वजन सरासरी पावणेदोन किलो जास्त उतरलेलं होतं आणि तोही फरक योगायोगाच्या पट्ट्यात बसणारा. साडेपाच महिन्यांचं शिस्तशीर प्रशिक्षण, प्रशिक्षित माणसं, मोफत. इथे २१ दिवसांत भिंतीला टेकवलेल्या मोबाइलवर काय होणार?

या कल्पनेला बाजाराचा वास लागलेला आहे, तो आजचा नव्हे. वीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेत कॉर्टिस्लिम नावाच्या गोळ्यांच्या जाहिरातींनी टीव्ही आणि रेडिओ भरून गेले होते. म्हणणं हेच : कोर्टिसॉल पोट वाढवतं, आमची गोळी कोर्टिसॉल उतरवते. २००४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हे दावे खोटे आणि निराधार आहेत म्हणून विक्रेत्यांना कोर्टात खेचलं. आपल्याकडे तीच गोळी आता चूर्ण होऊन, चहा होऊन, पहाटेचा वर्ग होऊन आली आहे.

कोर्टिसॉलच्या बाणाने आणखी एक गोष्ट झाकली जाते, आणि ती आपल्या अगदी घरची आहे. आपल्या पोटांचा अभ्यास पुण्यात झाला. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. शेजारी शेजारी उभे दोन डॉक्टर, दोघांचा बॉडी मास इंडेक्स नेमका २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघं सारखे, आतून दुप्पट-अडीचपट फरक. विज्ञानात स्वतःच्या पोटाचा असा उपयोग करणारा माणूस मला तरी फार आवडतो.

आता या चरबीचा उगम कुठे? याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा माग ठेवला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमध्ये ३.५ किलो. बाळं लहान, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. अंगाने बारीक, आतून चरबीची राखण करणारं बाळ. त्याच अभ्यासात असंही दिसलं की गरोदरपणात शेतीची आणि घरची जड कामं जास्त करणाऱ्या बायकांची बाळं आणखी लहान होती, आणि पालेभाजी, फळं, दूध ज्यांच्या पोटात जास्त गेलं त्यांची बाळं थोडी मोठी.

म्हणजे कोकणातून नाहीतर देशावरून गिरणगावात आलेल्या, आणि पुढे चारकोपच्या बैठ्या घरात सरकलेल्या कुटुंबातला आजचा पस्तिशीचा मुलगा आरशात पोट पाहतो, तेव्हा त्यात त्याच्या आजीने गरोदरपणी डोक्यावर वाहिलेले हंडेही असू शकतात. ताण होता, हे मान्य. पण तो आजीच्या कमरेला होता. नातवाने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला म्हणून तो हंडा उतरत नाही. म्हणूनच आपल्याकडे धोक्याची रेघ युरोपियनांपेक्षा अलीकडे ओढतात : पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, बाईची ८०. आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीत, जी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, ३९.५ टक्के प्रौढ पोटाच्या लठ्ठपणात मोडले. दर दहात चार. एवढ्या सगळ्यांचं मन बिघडलंय, असं समजायचं का?

इथे कोणी म्हणेल, बाई, तुम्ही आजीवर ढकलून मोकळ्या झालात. थांबा, इतक्यात मोकळी झाले नाही. ताणाच्या नावाखाली एक खरा गुन्हेगार लपून बसला आहे, त्याच्याकडेच यायचं आहे. त्याचं नाव झोप. नेमकं सांगायचं तर न मिळालेली झोप.

अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये १२ सडसडीत, निरोगी माणसांना दोन आठवडे रात्री फक्त चार तास झोपू दिलं. त्यांनी रोज तीनशेवर कॅलरी जास्त खाल्ल्या. वजन काट्यावर जेमतेम अर्धा किलो हललं, पण पोटाच्या खोल चरबीत ११ टक्के वाढ झाली. हे २०२२ मधलं. बारा माणसं म्हणजे काही जनगणना नव्हे, कबूल. पण त्याच वर्षी शिकागोला उलट बाजूनेही प्रयोग झाला. साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या, थोडं वजन जास्त असलेल्या ८० माणसांपैकी निम्म्यांना झोप वाढवण्याचा फक्त सल्ला दिला. काय खा, काय नको, एक अक्षर नाही. त्यांची झोप सरासरी सव्वा तासाच्या जवळपास वाढली आणि दिवसाचं खाणं आपसूक २७० कॅलरींनी कमी झालं. त्याआधी, २०१० मध्ये, दहा माणसांना तोच कमी आहार देऊन एकदा साडेआठ आणि एकदा साडेपाच तास झोपवलं होतं. दोन्ही वेळा वजन सारखंच उतरलं, पण कमी झोपेत उतरलेल्या वजनातला चरबीचा वाटा निम्म्याहून खाली आला. उपाशी राहायचं आणि वर स्नायू गमवायचे.

आता कांदिवलीचं घड्याळ मांडू. कचेरी नरिमन पॉइंटला किंवा बीकेसीला. घरातून निघून रिक्षा, पूल, प्लॅटफॉर्म, गाडी, परत रिक्षा किंवा बस : एका बाजूला पावणेदोन तास धरले तर कोणी अतिशयोक्ती म्हणणार नाही. बऱ्याच फास्ट गाड्या कांदिवलीला थांबत नाहीत, म्हणून बसायला जागा हवी असेल तर आधी उलटं बोरिवलीला जायचं आणि रिटर्न यायचं. येण्याजाण्याचे साडेतीन तास. कचेरीचे, जेवणाच्या सुट्टीसकट, साडेनऊ. झाले तेरा. सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीप्रमाणे घरचं बिनपगारी काम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि तसं काम करणारा पुरुष ९७ मिनिटं. नोकरदार बाईचं जरा हलकं धरू, तीनच तास. सोळा झाले. राहिले आठ. त्यात आंघोळ, जेवण, मुलाचा अभ्यास, आईच्या गोळ्या, गावच्या भावकीचा फोन, लाइटबिल. झोपेच्या वाट्याला येतात पाच, फार तर साडेपाच. आता पहाटे पाचच्या वर्गाला बसवा.

लेडीज डब्यात मांडीवर पिशवी पसरून बायका मेथी निवडतात, वाटाणे सोलतात, त्याचे फोटो काढून 'मुंबईचं स्पिरिट' म्हणून मिरवणारे खूप. त्या बाईला विचारा. ती वीस मिनिटांची झोप गाडीत उसनी घेत असते. ५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सुटली तेव्हा जणू अर्ध्या पश्चिम उपनगराला कोणीतरी खुर्ची दिली होती. तो ताणमुक्तीचा कार्यक्रम होता, फक्त त्याला तसं नाव नव्हतं.

एक खुलासा करून टाकते, नाहीतर माझ्यावरही बाण काढल्याचा आरोप येईल. लोकलच्या गर्दीमुळे पोट सुटतं, असं माझं म्हणणं नाही. तासभर उभं राहणारा आणि दोन जिने धावत चढणारा माणूस मोटारीत बसून जाणाऱ्यापेक्षा हालचाल जास्तच करतो. माझं म्हणणं वेळेबद्दल आहे. रात्री साडेदहाला घरी पोचलेला माणूस साडेदहालाच जेवणार, आणि जेवून लगेच आडवा होणार. सातला खाल्लेली चार पुऱ्यांची शेवपुरी ही त्याची न्याहारी, दुपारचा चहा आणि रात्रीच्या जेवणाची सुरुवात, सगळं एकदम असते. महावीर नगरच्या खाऊगल्लीत संध्याकाळी जी गर्दी दिसते तिच्या पोटात भूक किती आणि थकवा किती, हे गाडीवाल्यालाही सांगता येणार नाही.

महाराष्ट्र जेवणावरून भांडायला कधी कमी पडलेला नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात दोनदाच जेवा आणि ५५ मिनिटांच्या आत उरका, ऋजुता दिवेकर म्हणतात थोडं थोडं, वेळच्या वेळी, घरचं. दोघांच्या चाहत्यांनी लग्नाच्या पंगतीत हाणामाऱ्या करायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. माझ्या मते दोन्ही पद्धतींत एक गोष्ट गृहीत आहे, की जेवायची वेळ ठरवणं तुमच्या हातात आहे. दुपारी अडीचपर्यंत मीटिंग आणि रात्री दहापर्यंत प्लॅटफॉर्म ज्याच्या नशिबी आहे त्याने ५५ मिनिटं मोजायची कुठून कुठपर्यंत?

हाच हाताचा प्रश्न लंडनच्या व्हाइटहॉल अभ्यासात निघाला होता. १९८५ ते १९८८ मध्ये तिथल्या १०,३०८ सरकारी नोकरांची नावं नोंदली गेली आणि पुढे १९ वर्षांच्या नोंदींवरून २००७ मध्ये निष्कर्ष आला : ज्यांनी कामाचा ताण पुन्हा पुन्हा सांगितला त्यांच्यात लठ्ठपणा आणि सुटलेलं पोट जास्त, आणि ताण जितक्या वेळा, तितकं प्रमाण वर. व्याख्यात्यांना हा अभ्यास फार उपयोगी पडला असता, त्यांनी दाखवला नाही हे माझं नशीब. पण तिथे ताण मोजला कसा? 'तुम्हाला काळजी वाटते का' असं विचारून नव्हे. कामाच्या मागण्या किती, कामावर तुमचा ताबा किती, वरिष्ठांचा आणि सहकाऱ्यांचा आधार किती. मागणी जास्त, ताबा कमी, आधार नाही, तो ताण. त्या व्याख्येत मन कुठे आलं? आली कचेरी, आला साहेब, आलं हजेरीचं मशीन. या अभ्यासावर विसंबून उपाय काढायचा तर तो कचेरीच्या रचनेवर निघेल, नोकराच्या श्वासावर नाही.

कचेऱ्यांना मात्र श्वास फार आवडतो. माझ्या भाचीच्या कंपनीत, नाव घेत नाही, शुक्रवारी संध्याकाळी सहा ते सात ताणमुक्तीचं वेबिनार असतं. हजेरी सक्तीची. त्या तासाचं काम सातनंतर पुरं करायचं. मागच्या महिन्यात तिथे विषय होता 'पोटाची चरबी आणि तुमचे विचार'. ती म्हणाली, "मावशी, माझे विचार एवढेच होते की ७:४० ची गेली."

आणि हे एका कंपनीचं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं आणि खाजगी आस्थापनांतली दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १० वर आणि कारखान्यांतली ९ वरून १२ वर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे तास तेच राहतील, जादा वेळेला संमती लागेल, दुप्पट पैसे मिळतील, असं सांगितलं गेलं. संमती न देण्याची मुभा कोणाला असते ते आकुर्ली रोडवर शिफ्ट सुटताना कोणालाही विचारा. त्याच्या आधी एक उद्योगपती तरुणांना आठवड्याला ७० तास सांगून गेले होते, दुसरे ९० तास. मी वर मांडलेल्या घड्याळात एक तास वाढवून पाहा. तो कुठून येणार? रेल्वे देणार नाही, पोळ्या देणार नाहीत. झोप देईल, कारण घरात तीच एकटी बिचारी तक्रार करत नाही.

या सगळ्याला आपल्यात एक म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. रेडा आजारी आहे तो कामाच्या तासांत, घरकामाच्या वाटणीत, घर एकीकडे आणि नोकरी दुसरीकडे ठेवणाऱ्या या शहराच्या आखणीत. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून चारकोपला छोटे छोटे भूखंड पाडले गेले, गिरगाव-लालबागच्या दहा बाय दहाच्या खोलीतून आलेल्या माणसाला इथे स्वतःच्या नावाचं जोतं मिळालं. आमचंही तसंच. त्याबद्दल मी कृतघ्न नाही. घर मिळालं, नोकरी मात्र बरोबर आली नाही, ती दक्षिणेतच राहिली. मधल्या तीसेक किलोमीटरचं औषध आता आमच्या पोटावर चोळलं जातंय.

'मग हातावर हात ठेवून बसायचं का? सरकार सुधारेपर्यंत पोट वाढू द्यायचं?' हा प्रश्न व्याख्यानानंतर मला जिन्यात विचारला गेला, आणि विचारणारा मुलगा प्रामाणिक होता. त्याला जे सांगितलं तेच इथे सांगते. कंबर मोज, नाभीच्या उंचीवर, श्वास सोडून, ९० च्या वर असेल तर साखर तपासून घे. कांदिवलीच्या शताब्दी रुग्णालयात जा, त्यासाठी पाकीट रिकामं करावं लागत नाही. पोटाच्या उठाबशांनी पोटाचीच चरबी जाते हा समज सोड. सहा आठवडे फक्त पोटाचे व्यायाम करवून पाहिले आहेत, तिथली चरबी हलली नाही. चालायला लाग, अख्खं अंग हलव. चेहरा अचानक गोल होऊन पोटावर जांभळे चट्टे आले, तर मात्र वर्गाला नको, डॉक्टरकडे जा. आणि आठवड्यातून दोन रात्री तरी तास-दीड तास जास्त झोप. भांडी रात्रीची रात्री तुझ्या बायकोनेच घासली पाहिजेत असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही, तू घास. तिची झोप वाढेल. तो जरा गोरामोरा झाला.

योगाशी किंवा ध्यानाशी माझं वैर नाही. उलट ज्यांनी या महाराष्ट्रात योग प्रयोगशाळेत नेला त्यांची मला फार ओढ आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं तेव्हा नौली करताना पोटातला दाब किती उतरतो ते यंत्र लावून मोजलं, क्ष-किरण घेतले, छापलं. जेवढं दिसलं तेवढं सांगितलं. त्या परंपरेचं नाव घेऊन, न मोजलेला बाण पडद्यावर दाखवून पैसे गोळा करणं, ही तिची थट्टा आहे. प्राणायामाने मन निवतं. मला निवतं. तेवढं पुरेसं नाही का? त्यावर कंबरेच्या इंचांचा भार का टाकायचा? महिन्याने इंच उतरले नाहीत की बाई प्राणायाम सोडते, वर स्वतःला दोष देते की आपलं मनच शांत होत नाही. पोट होतं तेवढंच राहिलं, आणि त्यावर एक नवा ताण बसला : ताण न गेल्याचा.

आमच्या मजल्यावरची एक शेजारीण अंधेरीला नोकरीला आहे. २०२३ च्या जानेवारीत मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गिका पूर्ण झाल्या, तेव्हापासून ती डहाणूकरवाडीहून मेट्रोने जाते. लटकणं गेलं, वेळेचा भरवसा आला, तीनचार स्टेशनांनंतर जागा मिळते. पूर्वी सव्वापाचला उठायची, आता पावणेसहाला उठते. तिचं पोट उतरलं का? मी विचारलं नाही, ते विचारायचंही नसतं. पण गेल्या पावसाळ्यात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ती संध्याकाळी गॅलरीत उभी राहून माझ्याशी अर्धा तास भजी खात बोलली. भजी तळलेलीच होती.

त्या रविवारच्या व्याख्यानाचा शेवट सांगायचा राहिला. प्रश्नोत्तरं झाल्यावर व्याख्याते म्हणाले, आता दिवे बंद करा, सगळे दहा मिनिटं डोळे मिटा, पोटावर हात ठेवा, चरबी वितळते आहे असं मनात आणा. दिवे गेले, पंख्यांचा आवाज राहिला. तीनचार मिनिटांत मागच्या रांगेतून एक बारीक घोरणं ऐकू आलं, मग डावीकडून दुसरं. मी डोळे किलकिले करून पाहिलं. वॉर्डबॉयची रात्रपाळी करून आलेला तळमजल्यावरचा मुलगा खुर्चीच्या पाठीवर मान टाकून गाढ झोपला होता. बँकेतल्या बाई, त्यांच्या शेजारी त्यांच्या सासूबाई, गणपतीचे हिशेब ठेवणारे काका, निम्मा हॉल झोपला होता. दहा मिनिटं झाली तरी कोणी हलेना. व्याख्याते माइकवर अगदी हळू आवाजात म्हणाले, "पाहिलंत? केवढी खोल शांती." मी उठून दिव्याच्या बटणापाशी जाऊन उभी राहिले, कोणी ते दाबू नये म्हणून.